अंदाज करता येतो, पण करावासा का वाटत नाही?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी संध्याकाळी दहा-बारा मुलांना गणित शिकवते. पाचवी ते सातवीच्या वयाची मुलं आहेत. गेल्या आठवड्यात घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

फळ्यावर लिहिलं होतं: ४९ × २१, अंदाजे किती? एका मुलीने डाव्या हाताने वही झाकली, पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात उभी मांडणी केली, ४९, त्याखाली ९८०, बेरीज १०२९. मग खोडरबर घेऊन ते सगळं खोडलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि त्याच जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अंदाजे १०००'. आणि हात वर केला.

मी जवळ जाऊन विचारलं, "खोडलंस का गं?" तर म्हणाली, "अंदाज करायला सांगितला होता ना. खरं उत्तर दिसलं तर चूक धराल."

या मुलीला ५० गुणिले २० क्षणात जमतं. म्हणजे प्रश्न कौशल्याचा नाही. तिच्या बाजूने विचार केला तर तिचं वागणं अगदी तर्काला धरून आहे. बरोबर उत्तर मिनिटभरात मिळत असताना त्याहून कमी बरोबर उत्तर कोण कशाला देईल? ते मागतं कोण, तर बाई. का मागतात, तर धड्याचं नाव अंदाज आहे म्हणून. मी तिला विनाकारणाचं काम दिलं होतं आणि तिने ते शहाण्या मुलीसारखं उरकलं.

माझं मत आता असं होत चाललंय की अंदाज शिकवताना आपण रीतींवर फार वेळ घालवतो. जवळची दहाची पट घ्या, आधी मोठ्या स्थानाचे अंक बघा, एक संख्या वर नेली तर दुसरी खाली आणा. या रीती चांगल्याच आहेत. पण अंदाज करावासा वाटण्याचं कारण मुलाच्या हातात नसेल तर त्या नुसत्या आणखी एका प्रकारची आकडेमोड बनतात. मूल गोल करायला शिकतं, अंदाज करायला शिकत नाही.

अमेरिकेत १९७७-७८ साली झालेल्या राष्ट्रीय गणित चाचणीतला एक प्रश्न शिक्षकांमध्ये अजून सांगितला जातो. १२/१३ + ७/८ या बेरजेचा अंदाज सांगा, पर्याय १, २, १९, २१ आणि 'माहीत नाही'. दोन्ही अपूर्णांक एकाला टेकलेले आहेत, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. तेरा वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांनी २ निवडलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे अंशांची किंवा छेदांची बेरीज केली. सतरा वर्षांच्यांतही २ निवडणारे ३७ टक्केच होते. या आकड्यांवर 'मुलांना अपूर्णांक कळत नाहीत' असं म्हटलं जातं, आणि ते काही अंशी खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला 'हे एकूण केवढं असेल?' असा प्रश्न मनातून पडलाय तो आधी १२/१३ कडे एक वस्तू म्हणून बघेल. ज्याला फक्त पर्याय निवडून पुढे जायचंय तो अंकांना काहीतरी करेल. ही मुलं अंकांना काहीतरी करत होती.

आपल्या भाषेनेही अंदाजाला फारसा मान दिलेला नाही. बावीस पंचे दाहोदरसे (म्हणजे ११०) हा पाढ्यातला पक्का हिशोब, त्यावरून 'अंदाजपंचे दाहोदरसे' हा शब्द झाला तो मात्र बिनबुडाच्या बोलण्यासाठी. मुलं हे ऐकतच मोठी होतात.

तर मला तुमच्याकडून हवं आहे ते हे: तुमच्यात किंवा तुमच्या मुलांत 'अंदाज करून बघू' ही इच्छा केव्हा जागी झाली? रीत कोणती शिकलात हे नको, ती इच्छा कशी आली ते सांगा.


दशांश

चांगला धागा. एक भेद सुरुवातीलाच करून ठेवू या, नाहीतर चर्चा भरकटेल. अंदाज एका प्रकारचा नसतो. आकडेमोडीचा अंदाज वेगळा (४९ × २१), लांबी-वजन-वेळेचा वेगळा, न मोजता 'किती असतील' हा वेगळा, आणि संख्यारेषेवर एखादी संख्या कुठे बसेल हा आणखी वेगळा. मोजमापाच्या अंदाजात मूल लगेच रमतं, कारण पट्टी लावून खरं-खोटं समोर दिसतं. आकडेमोडीच्या अंदाजात तसं काही समोर येत नाही. तुमची अडचण मुख्यतः या दुसऱ्या ठिकाणची आहे.


दुपारचंऊन

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझा अनुभव उलटा गेला तो सांगते, कोणाला उपयोग झाला तर बरं.

मुलगा आठ वर्षांचा असताना एका बरणीत मणी भरून ठेवायचे. किती असतील ते ओळख, जवळचा आकडा सांगितलास तर एक स्टिकर. पहिले चार-पाच दिवस धमाल. तो बरणी उचलून बघायचा, तळाचा थर मोजायचा, किती थर असतील ते बोटाने दाखवायचा. मला वाटलं, जमलं! दुसऱ्या आठवड्यात त्याने बरणीकडे बघायचंच सोडलं. लांबूनच "दोनशे! नाही, तीनशे! सांग ना, स्टिकर मिळालं का?" आणि स्टिकरांची वही भरल्यावर खेळ संपला. नंतर मी बरणी भरून ठेवली तरी विचारलंसुद्धा नाही.

माझं कुठे चुकलं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आता वाटतं, मी थर मोजण्याला काहीच दिलं नाही, आकड्याला दिलं. त्यामुळे त्याने आकडे फेकायला सुरुवात केली.


पाटीपेन्सिल

@दुपारचंऊन, मनापासून लिहिलंत, आभार. यात तुमची एकटीची चूक नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हाच आहे. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना बक्षीस अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

अंदाजाच्या बाबतीत बक्षिसाचं नुकसान आणखी एका वाटेने होतं असं मला वाटतं. अंदाजात नशिबाचा वाटा असतोच. आडाखा चांगला असूनही आकडा चुकू शकतो आणि फेकलेला आकडा लागू शकतो. बक्षीस आकड्याला बांधलं की मुलाला खेळ सोडतीसारखा वाटायला लागतो, आणि सोडतीत विचार करणारा मूर्ख ठरतो.


पक्काहिशोब

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो आहे.

प्रेरणा, इच्छा, आवड हे सगळं ठीक. पण ज्याला सात आठे छप्पन्न अडखळत येतं त्याला ६८ × ८३ चा अंदाज करावासा वाटणार कुठून? सत्तर गुणिले ऐंशी म्हटलं तरी त्याला सात आठे लागतातच, वर शून्यं सांभाळायची आहेत. त्याच्यासाठी अंदाज म्हणजे दुप्पट काम. आधी पाढे, स्थानिक किंमत आणि दहा-शंभरने गुणणं-भागणं पक्कं करा. हात चालायला लागला की आवड आपोआप येते. आवडीची वाट बघत बसलात तर मूल दोन्हीकडून जाईल.


पाटीपेन्सिल

@पक्काहिशोब सर, राग कसला! तुमचा अर्धा मुद्दा तर मी पदराला बांधूनच घेते. रेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उत्तम अंदाज करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन ते नेमकं काय करतात हे लिहून काढलं होतं. त्यात तुम्ही म्हणता तेच आहे: पाढे आणि स्थानिक किंमत त्यांच्या हाताशी लख्ख होती. पण त्याच लोकांच्यात आणखी एक गुण दिसला, चूक सहन करण्याचा. उत्तर थोडं इकडेतिकडे असणं त्यांना खटकत नव्हतं, अंदाज ही कमअस्सल गोष्ट वाटत नव्हती, आणि आपल्याला हे जमतं असा भरवसा होता. हा दुसरा भाग पाढ्यांतून येत नाही. माझ्या त्या खोडरबरवाल्या मुलीचे पाढे तिशीपर्यंत पाठ आहेत.

'हात चालायला लागला की आवड येते' यालाही आधार आहे, फक्त त्यात एक अट दिसते. बॅन्ड्युरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत खूप मागे पडलेल्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना स्वतःहून सोडवायची ४२ पानं दिली, सात बैठकांसाठी. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं असं धरून चला. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं. काहींना काहीच नाही. जवळचं ध्येय मिळालेल्या मुलांची वजाबाकी सुधारली, आत्मविश्वास वाढला आणि वजाबाकीत रससुद्धा वाढला. दूरचं ध्येय देऊन असं झालं नाही. म्हणजे सर, हात चालणं पुरत नाही, हात चालतोय हे त्या मुलाला रोजच्या रोज दिसावं लागतं.


पक्काहिशोब

हे पटलं. रोजचं रोज दिसणं. आमच्या वेळी पाटीवरची बरोबरची खूण ते काम करायची, पण अंदाजाला खूण करता येत नाही, ही खरी अडचण आहे. 'बरोबर' की 'चूक' यातलं काय लिहायचं तिथे?


रात्रपाळी

मी नर्स आहे. गणित कधीच आवडलं नाही, पण अंदाज माझा रोजचा सोबती आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

समजा ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि नळीचा सेट एका मिलीला २० थेंबांचा आहे. मिनिटाला किती थेंब लावायचे? सूत्र आहे, कॅल्क्युलेटर आहे, उत्तर ४१.६६ येतं, म्हणून ४२. पण हात कॅल्क्युलेटरकडे जायच्या आधी माझ्या डोक्यात चालू होतं: चार तासांत पाचशे, म्हणजे तासाला सव्वाशे, म्हणजे मिनिटाला दोनच्या जरा वर, वीस थेंबांनी चाळीसच्या जरा वर. मग आकडा ४२ आला की मन शांत होतं.

शिकाऊ मुलींकडून मी हेच गणित वहीत करून घेते. एकीने मिनिटाला ४१७ थेंब असं लिहून आणलं. कुठेतरी एक शून्य जास्त दाबलं गेलं होतं. मी तिला चूक सांगितली नाही. म्हटलं, घड्याळ बघ आणि एका सेकंदात सात वेळा टिचकी वाजवून दाखव. तिने दोन-तीन वाजवल्या आणि थांबली. चेहरा एकदम बदलला. "सिस्टर, हे थेंब नाहीत, ही तर धार झाली."

त्या दिवसापासून ती आधी अंदाज तोंडाने बोलते, मग बटणं दाबते. तिला प्रेरणा कशाची विचाराल तर पलंगावर माणूस आहे याची. मला वाटतं अंदाज हा उत्तरासाठी नसतोच, तो उत्तरावर पहारा ठेवायला असतो. शाळेत मला कोणी असं सांगितलं असतं तर मी गणिताशी इतकं वैर धरलं नसतं.


दशांश

@रात्रपाळी, 'पहारा' हा शब्द उचलतोय. उत्कृष्ट प्रतिसाद.

@पक्काहिशोब, खुणेचं उत्तर कदाचित यातच आहे. अंदाजाला खूण देऊ नये, अंदाजाने उत्तराला खूण द्यावी.


जुनीपट्टी

वरचा पहाऱ्याचा मुद्दा वाचून राहवलं नाही. आम्ही अभियांत्रिकी शिकलो ते स्लाइड रूलवर. तरुण मंडळींसाठी सांगतो: ही सरकती पट्टी गुणाकार-भागाकार करून द्यायची, पण फक्त अंक द्यायची, दशांश चिन्ह कुठे ते सांगायची नाही. पट्टीवर २.४ आणि ३.५ जुळवलं की ८.४ वाचता येतं. पण तेच ८.४ हे २४ × ३५ साठी ८४० असतं आणि ०.२४ × ३.५ साठी ०.८४. कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. म्हणजे प्रत्येक गणिताला डोक्यात एक ढोबळ अंदाज करावाच लागे. कोणी आम्हाला अंदाज शिकवला नाही, त्याचं महत्त्वही सांगितलं नाही. हत्यारच असं होतं की अंदाजाशिवाय ते अर्धवट.

१९७२ नंतर खिशातले वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आले आणि काही वर्षांत पट्ट्या कपाटात गेल्या. ते चांगलंच झालं, मला त्या दिवसांची ओढ नाही. पण सगळे अंक चिन्हासकट मिळायला लागल्यावर अंदाजाची गरज ज्या जागेवर उभी होती ती जागाच गेली. त्यानंतर आपण तो मुद्दाम धडा म्हणून शिकवायला घेतला. धाग्यातल्या मुलीचा खोडरबर हा त्याचाच परिणाम आहे असं मला वाटतं. शिक्षकांनी मुद्दाम अर्धवट हत्यारं द्यावीत. उदाहरणार्थ गुणाकाराचं उत्तर ४-८-३-६ एवढे अंक देऊन दशांश चिन्ह मुलांना लावायला सांगा. बघा गंमत.


बाकी_शून्य

मी सध्या पदवीला आहे, वरच्या सगळ्यांपेक्षा लहान. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो: भीती.

सहावीत असताना वर्गात शिक्षकांनी विचारलं होतं, या खोलीची उंची अंदाजे किती? मी सर्वांत आधी हात वर केला आणि म्हणालो, तीस फूट. वर्ग हसला. शिक्षकही हसले, वाईट हेतूने नाही. पण त्यानंतर दहावीपर्यंत मी एकही अंदाज मोठ्याने सांगितला नाही. पक्कं उत्तर चुकलं तर म्हणता येतं की हातचा विसरलो. अंदाज चुकला तर तुम्हाला जगाचं भानच नाही असं दिसतं. अंदाज सांगणं हे पक्क्या उत्तरापेक्षा जास्त उघडं पडणं आहे.

त्यात घड्याळ लावून "पटकन अंदाज सांगा" म्हटलं की संपलंच. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांचं २००१ चं संशोधन वाचलं तेव्हा मला माझं नाव वाचल्यासारखं वाटलं. गणिताची चिंता डोक्यातली आकडे धरून ठेवायची जागाच व्यापते, म्हणून हातचे असलेल्या बेरजा अडकतात. अंदाजात तर आकडे बदलून धरून ठेवायचे असतात, म्हणजे जागा लागतेच.

मला यातून बाहेर काढलं ते एका शिकवणाऱ्या दादाने. तो एक आकडा कधीच मागायचा नाही. दोन मागायचा. "असा आकडा सांग जो नक्कीच कमी आहे. आता असा सांग जो नक्कीच जास्त आहे." खोलीची उंची? पाच फुटांपेक्षा नक्की जास्त, मी उभा आहे ना. पन्नासपेक्षा नक्की कमी. बरोबर! मला बरोबर येत होतं! मग तो म्हणायचा, हे दोन आकडे म्हणजे दोन भिंती, आता त्या थोड्या जवळ आण. सात आणि वीस. आठ आणि चौदा. कुठे थांबायचं ते मीच ठरवायचो. या रीतीत हसण्यासारखं काही उरतच नाही.


आसन्न

@बाकी_शून्य, तुमच्या दादाने आर्किमिडीजची वाट धरली होती. वर्तुळाच्या आत एक आणि बाहेर एक अशा ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती धरून त्याने दाखवलं की पाय (π) ही संख्या ३ १०/७१ पेक्षा जास्त आणि ३ १/७ पेक्षा कमी आहे. म्हणजे एक नक्की कमी आणि एक नक्की जास्त. आपण ज्या २२/७ ला 'पायची किंमत' म्हणतो ती खरं तर बाहेरची भिंत आहे.

माझं नाव ज्यावरून घेतलंय तेही सांगतो. आर्यभटाने २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगितला, म्हणजे पाय ३.१४१६, आणि त्यासोबत शब्द वापरला 'आसन्न', म्हणजे जवळ येऊन बसलेला. इतकं नेमकं उत्तर देऊनही हे जवळचं आहे असं सांगायला तो विसरला नाही. मुलांना हे आवर्जून सांगावं. जवळचं उत्तर देणं ही कमीपणाची गोष्ट नाही.


दशांश

@आसन्न, माहिती सुंदर, पण एक खुंटी मारून ठेवतो. आर्यभटाची किंमत हे आसन्न मूल्य आहे, कष्टाने काढलेलं. धाग्यातला अंदाज म्हणजे हाताशी असलेल्या थोड्या माहितीवर चटकन बांधलेला. त्याचं उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ फर्मी. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुचाचणीच्या वेळी स्फोटाचा धक्का येताना त्याने हातातले कागदाचे कपटे सोडले. ते सुमारे अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून त्याने स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या तोडीचा असावा असं सांगितलं. नंतरच्या मोजणीत तो याच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला. उपकरणांची उत्तरं यायची होती, त्याला उत्तर तिथल्या तिथे हवं होतं. 'आत्ता हवं' ही इच्छा आधी, कपटे नंतर.


मध्यक

शिक्षिका आहे. लाजणाऱ्या मुलांसाठी मला उपयोगी पडलेली गोष्ट: सगळे अंदाज चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. चिठ्ठ्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने फळ्यावर लावायच्या आणि अगदी मधली चिठ्ठी वर्गाचा अंदाज धरायची. गॅल्टन या इंग्रज संशोधकाने १९०७ मध्ये हेच केलं होतं. एका प्रदर्शनात बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखायची स्पर्धा होती. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांतली मधली निघाली १२०७ पौंडांची, खरं वजन ११९८.

मुलांना यात भावतं ते हे की फार चुकलेली चिठ्ठीही ओळीत उभी असते आणि मधली कुठली ते ठरवायला तिचाही हात लागतो. माझ्याकडचा कधीच न बोलणारा एक मुलगा फळ्याजवळ जाऊन मोठ्याने म्हणाला, "ही शेवटची माझी आहे. मी नीट बघितलंच नव्हतं." चूक स्वतःहून सांगावीशी वाटली, यापेक्षा मला जास्त काही नको होतं.


अक्षरओळख

फक्त एक खेळ सांगते. एक मीटर लांबीची कागदी पट्टी घ्या. डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १०००, मध्ये काही नाही. दुसरी-तिसरीच्या मुलाला सांगा, १५० कुठे ते पेन्सिलीने दाखव. बरीच मुलं जवळजवळ मध्यावर खूण करतात! लहान संख्या त्यांच्या मनात ऐसपैस पसरलेल्या असतात आणि मोठ्या संख्या उजव्या टोकाला दाटीने उभ्या. सीग्लर आणि ऑफर यांनी २००३ मध्ये हे मांडलं. दुसरीतली मुलं ०–१००० च्या रेषेवर अशी चुकतात, सहावीतली नाही.

मीटरची पट्टी मुद्दाम, कारण १००० मिलीमीटर. मुलाने खूण केली की शेजारी मोजपट्टी ठेवायची. १५० म्हणजे १५ सेंटिमीटर. त्याची खूण असते चाळीस-पंचेचाळीसवर. मूल एकदा खुणेकडे बघतं, एकदा पट्टीकडे, आणि मग न सांगता पुढचा आकडा मागतं. याच दोघांच्या २००७ च्या कामात दिसलं की १५० च्या आसपासची चूक दाखवली तर कित्येक मुलांची सगळी रेषाच एका झटक्यात सुधारते. मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन बघण्यांच्या मधे आहे. स्वतःची खूण आधी केलेली असेल तरच पट्टी बघावीशी वाटते. मी आधी पट्टी ठेवून समजावलं तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघत होती.


पाटीपेन्सिल

सगळ्यांचे खूप खूप आभार. महिनाभर इथे काही लिहिलं नाही, कारण तुमच्याकडून घेतलेलं वापरून बघत होते.

जुनीपट्टी काकांचं दशांश चिन्हाचं गणित सगळ्यांत जास्त चाललं. ३.९ × १२.४ चे अंक ४-८-३-६, चिन्ह लावा. इथे कोपऱ्यात मांडणी करून काही मिळतच नाही, कारण अंक आधीच दिलेले आहेत. पहिल्याच दिवशी मुलं "चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस!" असं ओरडायला लागली. दोन आकड्यांची रीत मी सगळ्याच प्रश्नांना लावली आणि 'पटकन' हा शब्द बंद केला. चिठ्ठ्यांचं माझ्याकडे तितकं जमलं नाही, दहाच मुलं असल्यामुळे अक्षरावरून नावं ओळखू येतात.

पण मला सांगायचंय ते त्या मुलीबद्दल. मी मुलांना म्हटलं, या आठवड्यात प्रश्न मी देणार नाही, तुम्हाला ज्याचा आकडा खरंच जाणून घ्यायचाय असं काहीतरी आणा. ती रोज रात्री एका वहीत गोष्ट लिहिते, हे मला तेव्हा कळलं. तिचा प्रश्न होता, आत्तापर्यंत मी किती शब्द लिहिले?

वहीची ७० पानं भरलेली. एका पानावर २४ ओळी, ओळीत साधारण आठ शब्द. तिने बोटाने हवेत लिहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "वीस ओळी, दहा शब्द, पानाला दोनशे. चौदा हजार." मी विचारलं, चोवीसचे वीस का केलेस? "आठाचे दहा केले ना, म्हणून हे खाली आणलं." ही रीत मी तिला गेल्या वर्षी फळ्यावर शिकवली होती, तेव्हा ती वहीत उतरली होती एवढंच.

मग कमी-जास्तच्या भिंती. दहा हजारांपेक्षा नक्की जास्त, वीस हजारांपेक्षा नक्की कमी. आता खरं कसं बघायचं? मला वाटलं सगळी मोजायला बसेल, ती तशीच आहे. तिने वही डोळे मिटून तीन ठिकाणी उघडली आणि ती तीन पानं मोजली. १७६, २०३, १५८. बेरीज ५३७, सरासरी १७९, गुणिले ७०. साडेबारा हजारांच्या आसपास.

चौदा आणि साडेबारा. ती बराच वेळ वहीची पानं मागे-पुढे चाळत राहिली. कुठेही खोडलं नव्हतं, १४००० तसंच होतं आणि त्याच्याखाली १२५३०. मग म्हणाली, "संवाद असले की ओळ अर्धीच राहते. आणि इथे बघा, हे अर्धं पान चित्रच आहे. हे मी धरलंच नव्हतं."